औषध आपोआप देणारी यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. पंप तपासणं, उघडून दुरुस्त करणं आणि नव्या सिस्टरना ते शिकवणं यात माझा दिवस जातो. त्यामुळे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात: वॉर्डातून, आणि घरी इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांकडून. फिरून फिरून तेच येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. सोपे आधी, अडचणीचे नंतर. आकडे समजण्यासाठी दिले आहेत, वापरण्यासाठी नाहीत. स्वतःचा डोस किंवा सेटिंग बदलायचं असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

१. सलाईनला पंप लावलाय म्हणजे औषध आपोआप चाललंय, असंच ना?

नाही. पंपाला तासाला ५ मिली सांगितलं की तो ५ मिली देत राहतो. बीपी चढलं काय, पडलं काय, त्याला पत्ता नसतो. मॉनिटरकडे बघून आकडा बदलायचं काम सिस्टर किंवा डॉक्टर करतात. याला ओपन लूप म्हणतात.

बीपी, शुगर किंवा भुलेची खोली यंत्र स्वतः मोजतं, त्यावरून डोस स्वतः ठरवतं आणि स्वतःच देतं, तेव्हा ते क्लोज्ड लूप. या दोन टोकांच्या मध्ये बरेच प्रकार आहेत आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो (प्रश्न ८ आणि १० पाहा). कुठलंही यंत्र समोर आलं की मी आधी एकच विचारतो: याला रुग्णाबद्दल नेमकं काय दिसतंय? खालची निम्मी उत्तरं त्या प्रश्नातूनच निघतात.

२. थेंब मोजून सलाईन देता येतंच की. मग पंप कशाला?

साध्या सलाईनसाठी बहुतेक वेळा थेंब पुरतात. नेहमीच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, मायक्रोसेटचे ६०. पण नॉरॲड्रेनलिनसारखं बीपी चढवणारं औषध तासाला २ मिलीने चालतं. ते २० थेंबांच्या सेटने द्यायचं म्हटलं तर दीड मिनिटाला एक थेंब पडेल, आणि रुग्णाने हात वाकवला की तोही चुकेल.

इन्सुलिनचा हिशोब तर याहून बारीक. नेहमीच्या इन्सुलिनच्या १ मिलीत १०० युनिट असतात. म्हणजे सलाईन सेटच्या एका थेंबात ५ युनिट मावतात. तासाला ०.८ युनिट लागणाऱ्या माणसाचं सहा तासांहून जास्त वेळचं इन्सुलिन त्या एका थेंबात आलं. इन्सुलिन पंप हाच थेंब शंभराच्या आसपास तुकडे करून देतो.

३. सिरिंज पंप चालू दिसतोय, हिरवा दिवा लागलाय, तरी पहिली पंधरा-वीस मिनिटं औषधाचा परिणामच दिसत नाही. पंप खराब आहे का?

पंप बहुतेक ठीक असतो. ५० मिलीच्या सिरिंजमधून तासाला २ मिली द्यायचं म्हणजे दट्ट्या तासाभरात जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकतो. सिरिंज बसवताना दट्ट्या आणि पंपाचा ढकलणारा हात यांच्यात एक मिलिमीटरची फट राहिली, तर ती भरून काढण्यातच सोळा-सतरा मिनिटं जातात. तेवढा वेळ मोटर फिरते, स्क्रीनवर आकडे चढतात आणि रुग्णाला काहीच मिळत नाही.

उपाय जुनाच आहे: सिरिंज बसवली की रुग्णाला जोडण्याआधी पंपाच्याच पर्ज बटणाने टोकाशी थेंब दिसेपर्यंत औषध पुढे आणायचं. हाताने नाही, पंपाने. फट त्यानेच भरते.

याच्याच पोटातली दुसरी चूक: स्क्रीनवर सिरिंजची कंपनी चुकीची निवडणं. पंप औषध मोजत नाही, दट्ट्या किती सरकला ते मोजतो आणि सिरिंजच्या व्यासावरून मिली काढतो. व्यास चुकला की प्रत्येक मिली चुकली.

४. क्लोज्ड लूपमध्ये असतं तरी काय काय?

मोजणारा सेन्सर, ठरवणारा प्रोग्राम आणि देणारा पंप. इन्सुलिनच्या बाबतीत सेन्सर दंडावर किंवा पोटावर असतो आणि साधारण दर ५ मिनिटांनी आकडा पाठवतो. प्रोग्राम पंपातच किंवा फोनमध्ये असतो. पंप बारीक नळीतून त्वचेखाली इन्सुलिन सोडतो. सगळ्यांचं लक्ष प्रोग्रामकडे असतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत मात्र तो क्वचितच दोषी निघतो. दोष निघतो सेन्सरच्या चिकटपट्टीत, नाहीतर नळीच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये.

५. हे सगळं एआय आल्यावरचं आहे ना?

नाही, हे बरंच जुनं आहे. मेयो क्लिनिकमध्ये रेजिनाल्ड बिकफर्ड यांनी मेंदूच्या विद्युतलहरींवरून भुलेचं औषध आपोआप देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले ते १९५० मध्ये. १९६० च्या दशकात आर्नॉल्ड कॅडिश यांनी शुगर मोजून इन्सुलिन देणारं यंत्र बनवलं, ते पाठीवर बांधायच्या बोज्याएवढं होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम, अलाबामा इथे लुईस शेपर्ड आणि त्यांचे सहकारी हृदयाच्या ऑपरेशननंतर नायट्रोप्रुसाइड देऊन बीपी संगणकाकडून सांभाळून घेत होते. १९७७ मध्ये बायोस्टेटर आलं. खाटेशेजारचं हे मोठं यंत्र शिरेतून रक्त ओढून सतत शुगर मोजायचं आणि गरजेप्रमाणे शिरेतच इन्सुलिन किंवा ग्लुकोज सोडायचं.

अंगावर वागवता येईल अशा पहिल्या हायब्रिड (प्रश्न ११ पाहा) क्लोज्ड लूप इन्सुलिन यंत्रणेला, मिनीमेड ६७०जी ला, अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. बायोस्टेटरनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

६. चाळीस वर्षं कशात गेली? शुगर वाढली की इन्सुलिन द्यायचं, कमी झाली की थांबवायचं, एवढंच तर आहे.

मलाही कॉलेजात असंच वाटायचं. अडचण उशिराची आहे. बायोस्टेटर रक्तात मोजायचं आणि रक्तातच द्यायचं, म्हणून त्याचं जमायचं. अंगावरच्या यंत्राला दोन्ही कामं त्वचेखाली करावी लागतात. तिथल्या द्रवातली शुगर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असते. आणि त्वचेखाली दिलेलं इन्सुलिन काम सुरू करायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, तास-दीड तासाने भरात येतं आणि तीन ते पाच तास उरतं.

आता शुगर २२० दिसतेय असं धरा. यंत्राने इन्सुलिन दिलं. पाच मिनिटांनी बघतं तर २२६. परत दिलं. मग २३०, परत दिलं. पहिला डोस अजून कामालाही लागलेला नाही. दोन तासांनी सगळे डोस एकदम अंगावर येतात आणि शुगर पन्नासच्या खाली जाते. दिलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. म्हणून आजचं यंत्र अंगात आधीचं किती शिल्लक आहे याचा हिशोब ठेवतं आणि तो वजा करूनच पुढचा डोस ठरवतं. शिवाय सेन्सरही हवा तेवढा भरवशाचा आणि लहान व्हायला वेळ लागला.

७. मग यंत्र डोस ठरवतं कसं?

मुख्य पद्धती तीन. पीआयडी तीन गोष्टी बघतं: आत्ता टार्गेटपासून किती लांब आहोत, किती वेळापासून लांब आहोत, आणि कुठल्या वेगाने कुठल्या दिशेला चाललोय. कारखान्यातल्या भट्टीचं तापमान याच पद्धतीने सांभाळतात. दुसरी एमपीसी. तिच्याकडे शरीराचं गणिती मॉडेल असतं. पुढच्या काही तासांचा अंदाज बांधायचा, त्यातला सर्वांत बरा डोस निवडायचा, पण प्रत्यक्षात त्यातला फक्त पहिला तुकडा द्यायचा. पाच मिनिटांनी नवा आकडा आला की सगळा अंदाज पुन्हा. तिसरी फझी लॉजिकची, म्हणजे अनुभवी डॉक्टरचे नियम यंत्राला शिकवण्याची.

कुठली चांगली? विकणाऱ्याला विचारू नका. माझं मत असं की सेन्सर नीट बसला असेल तर तिन्ही बऱ्या चालतात आणि सेन्सर खोटं बोलत असेल तर तिन्ही सारख्याच फसतात.

८. भुलेच्या टीसीआय (टार्गेट ठरवून औषध देणाऱ्या) पंपात टार्गेट टाकलं की तो रक्तातलं औषध मोजून देतो ना?

मोजत नाही! हा गैरसमज डॉक्टरांच्या वर्गातही भेटतो. टीसीआय पंप वय, वजन, उंची यावरून रक्तात औषध किती *असेल* याचं गणित करतो. स्क्रीनवर दिसतो तो अंदाज. हा ओपन लूपच आहे, फक्त हुशार. प्रोपोफॉल या भुलेच्या औषधासाठी असा पहिला व्यापारी पंप, डिप्रिफ्युजर, १९९६ मध्ये आला. पुढे अनेक देशांत ही पद्धत रुळली.

अंदाज मॉडेलवर किती अवलंबून असतो ते बघा. ७० किलोचा माणूस, प्रोपोफॉल, रक्तातलं टार्गेट ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली. मार्श मॉडेल सुरुवातीचा कप्पा (औषध आधी जिथे मिसळतं ती जागा) दर किलो वजनामागे ०.२२८ लिटर धरतं, म्हणजे सुमारे १६ लिटर. तो भरायला ६४ मिलिग्रॅम लागतात. श्नायडर मॉडेल तोच कप्पा सगळ्यांसाठी ४.२७ लिटर धरतं, म्हणजे १७ मिलिग्रॅम. रुग्ण एकच, टार्गेट एकच, औषध एकच, आणि पहिला डोस जवळजवळ चौपट वेगळा. म्हणून पंपावर टार्गेटआधी मॉडेलचं नाव वाचायचं, आणि टार्गेट रक्तातलं मागितलंय की मेंदूतलं तेही.

९. भूल यंत्र देतंय म्हटल्यावर भूलतज्ज्ञ बाहेर चहाला जातात का?

नाही. क्लोज्ड लूप भुलेत यंत्राला बहुतेक वेळा बीआयएस हा एकच आकडा दिसतो: कपाळावरच्या पट्टीने घेतलेल्या मेंदूच्या लहरींवरून काढलेला, ० ते १०० मधला. ऑपरेशनसाठी तो ४० ते ६० मध्ये ठेवतात. चंडीगडच्या पीजीआयमध्ये जी. डी. पुरी आणि सहकाऱ्यांनी बनवलेली क्लॅड्स ही यंत्रणा असंच काम करते, आणि आकडा पट्ट्यात धरून ठेवण्यात अशा यंत्रणा माणसापेक्षा सरस ठरल्याचे अभ्यास आहेत. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. दर काही सेकंदांनी न कंटाळता एकच आकडा बघायचा असेल तर यंत्रच बरं.

पण कपाळाचे स्नायू आखडले तर बीआयएस खोटाच वर जातो. कॉटरी (विजेने कापण्या-डागण्याचं यंत्र) चालू असली की लहरींत गोंगाट मिसळतो. केटामिन हे भुलेचंच दुसरं औषध दिलं तर रुग्ण गाढ असूनही आकडा चढतो. आणि रक्तस्राव होतोय हे बीआयएसला कळत नाही. श्वासनलिका, रक्त, शरीराचं तापमान, सर्जनची कुरबुर हे सगळं माणूसच बघतो.

एक यंत्र भूलतज्ज्ञाशिवाय गुंगी देण्यासाठी बनवलं गेलं होतं, सेडासिस नावाचं, दुर्बिणीच्या तपासण्यांसाठी. ते इअरफोनमधून रुग्णाला हातातलं उपकरण दाबायला सांगायचं आणि प्रतिसाद आला नाही की प्रोपोफॉल कमी करायचं. २०१३ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली, २०१६ मध्ये कंपनीने विक्री थांबवली.

१०. वेदनेच्या पंपाचं बटण रुग्णाच्या हातात दिलंय. त्याने दाबतच ठेवलं तर?

काही होत नाही. एकदा डोस गेला की ठरलेला वेळ बटण मुकं होतं (याला लॉकआउट म्हणतात), मॉर्फिनसाठी साधारण ५ ते १० मिनिटं. त्या वेळात पन्नासदा दाबलं तरी पंप फक्त मोजतो, देत नाही. तो मोजलेला आकडा कामाचा असतो: दाबणं खूप आणि मिळणं कमी असेल तर वेदना भागत नाहीये.

हा पंप मला फार आवडतो, कारण याचा सेन्सर म्हणजे स्वतः रुग्ण. दुखलं की दाबतो, गुंगी आली की हात आपसूक थांबतो. खरी सुरक्षा लॉकआउटपेक्षाही त्या थांबणाऱ्या हातात आहे. म्हणूनच नातेवाइकांनी बटण दाबायचं नाही. "झोपेत कण्हतायत, जरा दाबून देते" असं मायेपोटी होतं, आणि झोपलेल्या माणसाला आणखी मॉर्फिन जातं. श्वास मंदावून जीव गेल्याच्या घटना अशाच झाल्यात.

११. हायब्रिड म्हणजे काय? जेवणाआधी मला अजून सांगावं का लागतं?

कारण जेवणातली साखर इन्सुलिनपेक्षा लवकर पोचते (प्रश्न ६). सेन्सरला वाढ दिसेपर्यंत यंत्र मागे पडलेलं असतं. म्हणून रात्रीचं आणि मधल्या वेळचं यंत्र सांभाळतं, जेवणाचं तुम्ही सांगता. काही नव्या यंत्रणांना ग्रॅम सांगावे लागत नाहीत. २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या आयलेटला जेवण नेहमीएवढं, जास्त की कमी एवढंच सांगायचं असतं. व्यायामाचं उलट: तो सुरू करताना नाही, बराच आधी सांगायचा, कारण अंगातलं इन्सुलिन तोवर कमी व्हायला हवं.

१२. सेन्सरच चुकला तर यंत्राला कळत नाही का?

आकडा अशक्य असेल तर कळतं. चुकीचा पण शक्य वाटणारा असेल तर नाही, आणि भीती त्याचीच.

एक रात्र सांगतो. आयसीयूत एका रुग्णाच्या धमनीतल्या बीपीचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) पट्टीतून निसटून खाटेच्या कडेला लोंबकळत होता, हृदयाच्या पातळीखाली साधारण वीतभर. दर १० सेंटिमीटरला सुमारे ७.५ मिलिमीटर पाऱ्याचा फरक पडतो, म्हणजे मॉनिटर खऱ्यापेक्षा पंधरा-सोळाने जास्त दाखवत होता. लहर सुरेख, अलार्म शांत, सरासरी बीपी ७२. खरं होतं छप्पन-सत्तावन्न. नॉरॲड्रेनलिन हाताने चालू होतं आणि सिस्टर ते कमी करण्याच्या बेतात होत्या. पण हात गार लागला म्हणून त्यांनी वायर हाताने मागे मागे धरत नेली आणि ट्रान्सड्यूसर सापडला. तिथे क्लोज्ड लूप असता तर त्याने औषध शांतपणे उतरवलं असतं, कारण हाताचा गारवा त्याच्या तारेत येत नाही.

शुगरच्या सेन्सरचे नेहमीचे घोटाळे: त्यावर कूस दाबून झोपल्याने खोटी लो (कमी शुगर) दिसणं, काही सेन्सरमध्ये पॅरासिटामॉलने आणि काहींमध्ये जास्त क जीवनसत्त्वाने आकडा फुगणं, आणि बसवल्यानंतरचा पहिला दिवस. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोटाला टोचून मोजा. बोट खरं धरा.

१३. अलार्म वाजत नाही म्हणजे नळी मोकळी आहे ना?

कमी वेगाला हा समज महागात पडतो. नळी दुमडली, स्टॉपकॉक (नळीवरची छोटी तोटी) बंद राहिला, तर पंपाला ते दाब वाढल्यावरच कळतं. सिरिंजचं रबर आणि नळी थोडी ताणतात, त्यात अर्धी ते एक मिली सहज मावते. तासाला १ मिली चालू असेल तर अलार्म वाजायला अर्धा तास ते तासभर लागू शकतो. तोवर रुग्णाला काही नाही.

पुढचा भाग जास्त वाईट. अलार्म वाजला, कोणीतरी धावत येऊन स्टॉपकॉक उघडला, आणि साठलेली ती एक मिली एकदम आत गेली. २ मिलीने चालणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा तो अर्ध्या तासाचा डोस असतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: पंप थांबवा, नळी रुग्णापासून सोडून दाब बाहेर काढा, मग अडथळा दूर करा, मग जोडा.

१४. इन्सुलिन पंपाची नळी आतल्या आत दुमडली तर?

वरचंच, पण धोका वेगळा. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, लांब पल्ल्याचं नसतं. पुरवठा तुटला की काही तासांत कीटोन (रक्त आम्ल करणारी द्रव्यं) वाढायला लागतात. यंत्राला वाटतं इन्सुलिन जातंय पण शुगर ऐकत नाही, म्हणून ते आणखी "देत" राहतं, आणि अंगात शिल्लक असलेल्या इन्सुलिनचा त्याचा हिशोबही खोटा होतो. शुगर कारणाशिवाय २५० च्या वर राहिली तर कीटोन तपासा, इंजेक्शन पेनने किंवा सिरिंजने घ्या, सेट बदला. उलट्या किंवा धाप असेल तर थेट दवाखाना. पेन सोबत नसेल तर पंप घेऊन घराबाहेर पडू नका.

१५. सेन्सरचा सिग्नल तुटला तर यंत्र बंद पडतं?

बंद पडत नाही, मागे सरकतं. थोडा वेळ वाट बघून ते आधी ठरवलेल्या साध्या वेगावर जातं आणि तुम्हाला सांगतं. शरीराच्या मोजमापावर औषध देणाऱ्या यंत्रणांसाठी आयईसी ६०६०१-१-१० हे वेगळं मानक २००७ पासून आहे, आणि अशा वेळी सुरक्षित स्थितीत जाण्याची सोय हा त्यातला महत्त्वाचा भाग. तो साधा वेग कधीकाळी भरलेला असतो. वजन बदललं, औषधं बदलली आणि तो आकडा तसाच जुना राहिला, हे मी अनेक पंपांत पाहिलंय.

१६. ड्रग लायब्ररी असलेल्या स्मार्ट पंपावर चूक होतच नाही, खरं का?

कमी होते. लायब्ररीत प्रत्येक औषधाच्या मर्यादा असतात: मऊ मर्यादा विचारते "नक्की का?", कडक मर्यादा पुढे जाऊच देत नाही. ५.० ऐवजी ५० दाबलं जाणं, म्हणजे दहापट, इथे अडकतं. पण घाईत लायब्ररी टाळून नुसता मिलीचा दर टाकला तर पंप पुन्हा आंधळा. सिरिंजमध्ये प्रत्यक्षात काय भरलंय तेही त्याला दिसत नाही. चुकीचं लेबल लावलेली सिरिंज तो बिनचूक देतो.

पंप स्वतःही चुकतात. २००५ ते २००९ या काळात एफडीएकडे इन्फ्युजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० घटनांची नोंद झाली आणि ८७ वेळा पंप परत मागवले गेले. त्यात एक दोष असा होता की बटण एकदा दाबल्यावर दोनदा दाबल्याचं धरलं जायचं. म्हणून आकडा टाकल्यावर स्क्रीनवरून मोठ्याने वाचायची सवय मी सगळ्यांना लावतो. हसतात, पण वाचतात.

१७. फक्त लाईन फ्लश केली आणि बीपी एकदम चढलं. पंपाला तर मी हातही लावला नव्हता.

औषध पंपात नव्हतं, नळीत होतं. दोन औषधं एका कॅन्युलात मिळतात तिथून रुग्णापर्यंतची जागा औषधाने भरलेली असते. फ्लश केलं किंवा सोबतच्या सलाईनचा वेग वाढवला की ते सगळं एकदम आत ढकललं जातं. उलटही होतं: सोबतचं सलाईन संपलं की पंप चालू असून औषध पोचायला वेळ लागतो. क्लोज्ड लूपचं यात फार बिनसतं, कारण आपण दिलं तेव्हाच पोचलं असं तो धरून चालतो. बीपीच्या औषधाला शक्य तिथे स्वतंत्र लाईन द्या आणि त्या लाईनमधून दुसरं काही देऊ नका. रुग्ण हलवताना पंप वर-खाली केला तरी थोडं औषध असंच उसळतं किंवा मागे येतं.

१८. एमआरआय, सीटी, विमान?

एमआरआयच्या खोलीत इन्सुलिन पंप न्यायचा नाही, काढून बाहेर ठेवायचा. धातूची सुई असलेला सेटही काढायचा. सेन्सर, एक्स-रे आणि सीटीबद्दल तुमच्या मॉडेलची पुस्तिका बघा. विमान वर चढताना केबिनचा दाब उतरतो, इन्सुलिनमध्ये बुडबुडे सुटतात आणि थोडं जास्त इन्सुलिन आत जाऊ शकतं. मोठ्यांना फारसं जाणवत नाही, लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारून ठेवा.

१९. पोटात बसवलेला बॅक्लोफेनचा (आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) पंप यातच मोडतो का?

तो ओपन लूप आहे. मणक्याभोवतीच्या द्रवात ठरलेल्या वेगाने औषध सोडतो. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: पुन्हा भरायची तारीख चुकवू नका. बॅक्लोफेन अचानक तुटलं तर ताप, जबर आखडणं, झटके येतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

२०. पंप हॅक होऊ शकतो का? आणि लोक स्वतः बनवतात ती यंत्रणा सुरक्षित असते का?

दोन प्रश्न वेगळे येतात, पण उत्तर एकाच धाग्याचं आहे. २०११ मध्ये जे रॅडक्लिफ या मधुमेही सुरक्षातज्ज्ञाने स्वतःच्या इन्सुलिन पंपाला बाहेरून आज्ञा देता येतात हे दाखवलं. २०१९ मध्ये काही जुने पंप याच कारणाने परत मागवले गेले. आणि गंमत अशी की मधल्या काळात तेच जुने पंप लोक शोधून शोधून घेत होते, कारण बाहेरून आज्ञा घेणारा पंपच घरच्या यंत्रणेला जोडता येतो.

ही चळवळ २०१३ च्या सुमारास "आम्ही वाट बघत बसणार नाही" या घोषणेने सुरू झाली. डॅना लुईस यांना झोपेत सेन्सरचा अलार्म ऐकू यायचा नाही म्हणून त्यांनी आणि स्कॉट लीब्रँड यांनी आधी मोठा अलार्म बनवला, तो वाढत वाढत क्लोज्ड लूप झाला, आणि २०१५ मध्ये ओपनएपीएस सगळ्यांसाठी खुलं केलं. जानेवारी २०२३ मध्ये अशाच घरगुती मुळाच्या टाइडपूल लूपला एफडीएची मान्यताही मिळाली. सुरक्षित का? जो प्रत्येक ओळ समजून बसवतो त्याच्या हातात बरीच. दुसऱ्याने बसवून दिलेली मात्र मी माझ्या घरात वापरू देणार नाही. रात्री दोन वाजता ती अडली तर बघणार कोण?

२१. रात्री अलार्मने झोपच होत नाही. बंद करून टाकू का?

तातडीच्या लो चा अलार्म बहुतेक यंत्रणांत बंद होतच नाही, आणि ते बरं आहे. बाकीच्या अलार्मची मर्यादा आणि पुन्हा वाजण्याचा वेळ डॉक्टरांशी बोलून सैल करता येतो. पण आधी चार रात्रींच्या वेळा कागदावर लिहा. एका काकांचा लो अलार्म रोज पहाटे तीनच्या सुमारास वाजायचा. ते उठून साखर खायचे, सकाळी शुगर २४० ला. रात्रीचं इन्सुलिन दोनदा कमी करून झालं, तरी तेच. शेवटी काकूंनी सांगितलं, "हे तीनला कूस बदलतात." सेन्सर डाव्या दंडावर होता आणि कूसही डावी. सेन्सर उजव्या दंडावर गेला. त्या रात्री काकू तीनला सवयीने जाग्या झाल्या, काका झोपलेले होते.